पठारावर जाण्याआधी

नकाशा कागदाचा असावा. फोनवरचा नकाशा बोटानं लहान-मोठा होतो आणि जे बघायला नको वाटतं ते आपण चटकन सरकवून टाकतो. कागदावर ती सोय नाही. तो जमिनीवर पसरा, कोपऱ्यांवर हाताला येईल ते वजन ठेवा आणि मांडी घालून समोर बसा. तारखा, तिकिटं, बूट यांतलं काहीच आत्ता मनात आणू नका. नॉर्वे नावाचा हा लांबलचक देश खालपासून वरपर्यंत नुसता बघून घ्या. घाई नाही.

दक्षिणेत हार्डांगरविड्डा सापडेल. तिथं उंचीच्या रेषा एकमेकींपासून लांब लांब गेलेल्या आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत निळ्या ठिपक्यांची गर्दी आहे. युरोपातलं सर्वांत मोठं डोंगरी पठार ते हेच. थोडं ईशान्येला योतुनहाइमेन. इथं रेषा इतक्या दाटतात की कागदच तपकिरी दिसतो. देशातलं सर्वांत उंच शिखर, 2,469 मीटरचं गाल्डहोपिगेन, या दाटीत आहे. त्याच्या वर दोव्रेफ्येल, जिथं ग्रीनलंडहून आणून सोडलेले मस्क ऑक्स चरतात आणि त्यांच्यापासून 200 मीटर लांब राहायचं असा दंडक आहे. पूर्वेला स्वीडनच्या सीमेला टेकलेलं फेमुन्समार्का: म्हातारे पाइन, तळी, आणि हिमनदीनं आणून टाकलेले धोंडेच धोंडे. मग नजर बरीच वर न्यावी लागते. लोफोटेनचे समुद्रातून सरळ उठलेले कडे लागतात आणि अगदी टोकाला फिनमार्क, सामी लोकांचा आणि त्यांच्या रेनडियरचा मुलूख. तिथं ऐन उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. डासही नाहीत मावळत.

आता स्वतःला विचारा, यातलं काय सोडायला तयार आहात?

प्रश्न उलटा वाटेल. आपल्याला ‘काय काय बघायचं’ अशी यादी करायची सवय आहे. सुट्टी दहा दिवसांची आणि यादीत फ्योर्ड, लोफोटेन, नॉर्थ केप, शिवाय एखादा अवघड ट्रेक. असा बेत केलेली माणसं नॉर्वे गाडीच्या काचेतून बघून येतात, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला चालणं म्हणू नये. चालायचं असेल तर बेत म्हणजे वजाबाकी. एक मुलूख ठेवायचा, बाकीचे सोडायचे, आणि सोडलेल्यांची हळहळ इथं घरातच करून मोकळं व्हायचं.

डोळे मिटा. पायांना विचारा. त्यांना चढ हवा आहे की लांबी? जंगलाचा आडोसा हवा आहे की उघडं आभाळ? आपली निम्मी हौस दुसऱ्यांच्या फोटोंतून आलेली असते, ती पायांची नसते. हे वेगळं ओळखायला वेळ लागतो. लागू द्या.

मी पठार ठेवतो. तुमचं उत्तर वेगळं आलं तरी पुढचं मनन उपयोगी पडेल, पण बसायचं तर एकाच जागेपाशी बसावं.

*

हार्डांगरविड्ड्याच्या उत्तर कडेला फिन्से नावाचं रेल्वे स्टेशन आहे. ऑस्लो ते बर्गन हा लोहमार्ग 1909 मध्ये पुरा झाला. त्यावरचं हे सर्वांत उंच स्टेशन, 1,222 मीटरवर. गावाला गाडीरस्ता नाही. रेल्वेतून उतरायचं, गाडी निघून जाते, आणि समोर हार्डांगरयोकुलेन हिमनदीचा पांढरा घुमट असतो.

त्या 1,222 या आकड्यापाशी जरा थांबा. महाबळेश्वर याहून शंभरेक मीटर उंच आहे. कळसूबाई तर 1,646. सह्याद्रीत पाय मुरलेला माणूस हा आकडा वाचून मनातल्या मनात म्हणतो, एवढंच ना? पण महाबळेश्वरला अंगावर येणारं रान आहे आणि फिन्सेला एक झाड नाही. साठ अंशांहून थोडा वरचा अक्षांश आहे तो. तिथं हजार-अकराशे मीटरवरच झाडांची हद्द संपते आणि उत्तरेच्या उतारांवर जुलैतही बर्फाचे पट्टे असतात. ऑगस्टमध्येही हिमवृष्टी होऊ शकते. उंची मीटरमध्ये लिहिलेली असली तरी ती वाचायची अक्षांशाच्या हिशेबानं. आपल्या अंगातला जुना हिशेब इथं सोडून द्यायचा, आणि तो सहजी सुटत नाही.

तसाच दुसरा हिशेब पाण्याचा. सह्याद्रीत आपण सगळा बेत पाण्याभोवती बांधतो: गडावरच्या टाक्यात मार्चमध्ये पाणी असेल का, माणशी तीन लिटर पुरेल का. पठारावर पाणी जागोजागी आहे. वाहत्या ओढ्याचं लोक सरळ पितात. लेमिंग या उंदरासारख्या प्राण्यांचं पीक आलेल्या वर्षी मात्र उकळलेलं बरं. म्हणजे सॅकमधले दोन-अडीच किलो एका फटक्यात गेले. पण जे पाणी तहान भागवतं तेच वाट अडवतं, आणि बेताचा खरा कस तिथं लागतो.

नकाशावर फिन्सेपासून दक्षिणेकडे जाणारी ठिपक्यांची रेघ बोटानं चालून बघा. क्रेक्या, सान्हाउग, लिटलोस, हेलेवासबू या मुक्कामांवरून ती हाउकेलिसेटरला पोचते. शंभराहून अधिक किलोमीटर, साधारण आठवड्याची चाल. बोट पाण्याच्या रेघेवर आलं की थांबवा. तिथं पुलाची खूण आहे का? असेल. आता हे लक्षात घ्या की यातले कित्येक पूल फक्त उन्हाळ्यापुरते असतात. बर्फ वितळलं की ते बसवायचे आणि शरद ऋतूत बर्फाच्या लोंढ्यानं मोडायच्या आत काढून ठेवायचे, असं दरवर्षी चालतं. बसवण्याची तारीख त्या वर्षीच्या बर्फावर. म्हणजे छापील पूल हा वर्षातले थोडेच महिने पूल असतो.

पूल नाही असं धरून चाला. काठावर उभे आहात. पाणी स्वच्छ, म्हणून उथळ वाटतंय. अरुंद जागा सोडा, कारण तिथं पाणी खोल आणि जोरात असतं. वर किंवा खाली जाऊन ते जिथं पसरलंय ती जागा शोधा. बूट काढले तर तळव्याला जुन्या चपला हव्यात; अनवाणी नको, बधिर पायाला दगड कळत नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर ती झटक्यात टाकता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढं, एका वेळी एकच पाय. पाणी गुडघ्याच्या वर येतंय आणि ओढतंय? मागं या. बर्फाच्या पाण्यावर पोसलेले ओढे दुपारनंतर फुगतात आणि पहाटे उतरतात. तंबू टाकून सकाळची वाट बघणं हा बेताचाच भाग आहे, बेत फसल्याचं लक्षण नव्हे. पण त्यासाठी एक जादा दिवस हाताशी लागतो, आणि तो आत्ता, नकाशासमोर बसूनच ठेवावा लागतो.

ठेवलात का? आठवड्याच्या वाटेला नऊ दिवस द्या. परतीचं विमान दहाव्याला.

*

महिना. जून मनातून काढून टाका. बर्फ भिजून पोकळ झालेलं असतं आणि ओढे त्याखालून वाहत असतात. मे-जूनमध्ये रानटी रेनडियरच्या माद्या वितात, त्या वेळी माणूस तिथं नसलेलाच बरा. युरोपातला रानटी रेनडियरचा सर्वांत मोठा कळप याच पठारावर आहे. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट हे चालण्याचे दिवस. सप्टेंबरच्या सुरुवातीला खुरटी बर्च झुडपं पिवळी-तांबडी होतात, डास गेलेले असतात, पण मुक्कामाची घरं एकेक करून बंद व्हायला लागतात.

जुलैत रात्र अशी नीट पडतच नाही. सूर्य अकराच्या सुमाराला मावळतो आणि उजेड रेंगाळत राहतो. अंधार पडायच्या आत उतरायचं, हा आपला हाडीमाशी मुरलेला नियम इथं लागू नाही. सुटका वाटते. तरीही दिवस ताणू नका. पाय उजेडावर चालत नाहीत. वाटेच्या वर्णनात दिलेले तास हे सरावलेल्या माणसाचे असतात, थांबे न धरता. त्यांत धोंड्यांवरून जपून जाणं, पाणथळ जमिनीला वळसा आणि फोटो मिळवा, म्हणजे तुमचे तास निघतील.

दिवस आखताना योतुनहाइमेनमधल्या बेसेगेन या गाजलेल्या धारेची एक रीत उसनी घ्यावी. तिथं येन्डे तलावाकाठी येन्डेसहाइमला गाड्या थांबतात. जाणती माणसं सकाळी बोटीनं आधी मेमुरूबूला जातात आणि धारेवरून चालत परत येतात. उलटं केलं तर चालणं शेवटच्या बोटीच्या वेळेला बांधलं जातं आणि धारेवर घड्याळ बघत घाई होते. घड्याळाला बांधलेला भाग आधी उरकायचा, मोकळा भाग मागं ठेवायचा. माझ्या मते प्रवासाच्या आखणीबद्दल यापेक्षा शहाणं काही कुणी सांगितलेलं नाही.

*

रात्री कुठं? कायदा उदार आहे. 1957 च्या कायद्यानं उघड्या रानात कुणालाही चालायचा आणि तंबू ठोकायचा हक्क दिला आहे. वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं, आणि वस्तीजवळच्या रानात एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं तर मालकाला विचारायचं. जंगलाजवळ 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर शेकोटी नाही. तंबू नेला तर स्वातंत्र्य मिळतं आणि ते पाठीवर वाहावं लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं घरांचा आधार घ्यावा, असं मी म्हणेन.

ही घरं डीएनटी या पर्यटन संघटनेची. 1868 मध्ये सुरू झालेली. आज तिची साडेपाचशेहून जास्त घरं आहेत आणि सुमारे 22,000 किलोमीटर उन्हाळी वाटांवर तिच्या लोकांनी दगडांच्या उतरंडींवर लाल ‘टी’ रंगवलेला आहे. काही घरांत माणसं असतात आणि गरम जेवण मिळतं. शाकाहारी असाल तर आधी कळवा. काहींत कुणीच नसतं, फक्त शिधा असतो. काहींत शिधाही नाही. बिनमाणसाच्या बहुतेक घरांना एकच ठरावीक किल्ली लागते आणि ती सभासदाला अनामत ठेवून मिळते.

हेलेवासबूसारख्या शिधा असलेल्या घरात मनानं शिरून बघू. हेलेवासबूत माणूस नसतो. बाहेर वारा आहे. दार उघडून आत आलात की बूट तिथंच काढा. टेबलावर वही आहे. तीत नाव लिहायचं, कुठून आलात आणि उद्या कुठं जाणार तेही. हा शेवटचा रकाना टाळू नका. शोध घ्यायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच वाचला जातो. मग चूल पेटवा. सरपण आहे, कुऱ्हाड आहे, बादली आहे. पाणी ओढ्यावरून तुम्हीच आणायचं. कोठीत डबे, कुरकुरीत पावाच्या चकत्या, वाटाण्याचं सूप, चहा. काय घेतलं त्याची नोंद करायची आणि पैसे भरायचे. बघायला कुणी नाही. सकाळी निघताना जमीन पुसायची, राख काढायची, आणि पुढच्या माणसाला लागेल तेवढं लाकूड फोडून ठेवायचं. तुम्ही काल जे लाकूड जाळलं ते कुणा अनोळखी माणसानं फोडलेलं होतं.

इथं जरा रेंगाळा. दीडशे वर्षांहून जुन्या संघटनेची ही सगळी व्यवस्था उभी आहे ती येणारा माणूस नोंद खरी करील या भरवशावर. तुमच्या बेतात तुमच्या बाजूचा भरवसा कुठं लिहिलाय? तास-दोन तास घर आवरायला ठेवलेत का सकाळी? की साखरझोपेतून उठून सॅक उचलून चालायला लागणार आहात?

*

आता सॅक. यात वेळ घालवायला नको. लोकरीचे कपडे, पावसाळी अंगरखा आणि विजार, टोपी, हातमोजे जुलैतही. कागदी नकाशा आणि होकायंत्र. घरांत अंथरूण असतं, आपली पातळ चादरीची खोळ न्यायची. गॅसची नळकांडी विमानात चालत नाहीत. लागलीच तर तिथं घ्या. शेंगदाण्याची चिक्की न्या, तिच्याइतकं ओझ्याला परवडणारं खाणं तिथल्या दुकानात मला दिसत नाही. उरलेली प्रत्येक वस्तू एका हातात धरा आणि विचारा, ही कुठल्या भीतीपोटी घेतोय? भीती खरी असेल तर ठेवा.

*

सर्वांत अवघड भाग राहिलाय. पाठ ताठ करा, श्वास सावकाश घ्या.

पठारावर कडे नाहीत, म्हणून ते सोपं वाटतं. पण सपाट जागेला खुणा नसतात. रोआल्ड अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर 1911 मध्ये पोचला. त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1896 च्या हिवाळ्यात, लिओन या भावाबरोबर हेच पठार ओलांडताना तो वादळात वाट चुकला. रात्री अंगावरचं बर्फ गोठून तो त्यात अडकला आणि भावानं त्याला खणून बाहेर काढलं. ध्रुव जिंकणाऱ्याला जिथं मरण दिसलं ती जागा ऑस्लोहून आगगाडीनं काही तासांवर आहे. उन्हाळ्यातही आडोसा नाही: ऑगस्ट 2016 मध्ये इथं एका वादळात विजेनं 323 रेनडियर एकाच जागी मारले.

सह्याद्रीत वाट चुकली की आपण हाक मारतो, “मामा, वाट कुठली?” आणि कुठून तरी गुराखी मामा उगवतो. या पठारावर मामा नाही. फोनला रेंज बहुतेक जागी नाही. धुकं उतरलं की पुढचा लाल ‘टी’ दिसत नाही. दोघं असाल तर एकानं मागच्या खुणेपाशी उभं राहायचं आणि दुसऱ्यानं पुढची शोधायची.

1967 च्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत अठरा माणसं दगावली. त्यानंतर रेड क्रॉस आणि डीएनटीनं डोंगरात वागायचे नियम घरोघरी पोचवले. ते नऊ आहेत आणि तिथल्या लोकांना तोंडपाठ असतात. आठवा नियम असा, की वेळेत परत फिरा, त्यात लाज कसली. हा नियम अख्ख्या देशाला शिकवावा लागला, याचा अर्थ लाज तिथंही वाटत होती. आपल्याला तर जास्तच वाटते. व्हिसा, रजा, लाखभर रुपयांचं तिकीट, घरच्यांना सांगून झालेलं. एवढं ओझं घेऊन गेलेला माणूस फुगलेल्या ओढ्यापाशी उभा राहतो तेव्हा त्याला पाणी नीट दिसत नाही.

म्हणून परत फिरण्याचा निर्णय इथं घ्या, कोरड्या कपड्यांत. नकाशावरच्या प्रत्येक दिवसापुढं एक ओळ लिहा: काय दिसलं तर पुढं जायचं नाही, आणि मग कुठून बाहेर पडायचं. पहिल्या दिवशी हे सोपं आहे. क्रेक्यापासून सात क्रमांकाचा महामार्ग तास-दीड तासावर. पुढं मात्र गाडीरस्ता गाठायचा तर बहुतेक ठिकाणांहून दिवसभराची चाल आहे. सान्हाउगच्या पुढं जायचं की नाही हे सान्हाउगला जेवणाच्या टेबलावर ठरवायचं, निम्म्या वाटेत नाही. ती ओळ लिहिताना मन कुरकुर करील. करू द्या. प्रत्येक दिवसाला अशी ओळ मिळाली की अख्खा बेत एकदा मोठ्यानं वाचा. परत फिरण्याच्या ओळी वाचताना आवाज खाली जातो का बघा. जात असेल तर दिवस कमी करा: फिन्से ते क्रेक्या आणि तिथून रस्त्यावर, एवढंही पुष्कळ आहे.

या कागदाची एक प्रत घरी ठेवा. कुठल्या तारखेला किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवायचं, ते तिच्यावर ठळक लिहा. नॉर्वेत हा पोलिसांचा क्रमांक आहे, पण परदेशातून तो लागत नाही, म्हणून वाटेतल्या मुक्कामांचे फोन क्रमांकही जोडा. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा. आणि पहिलीच खेप असेल तर जुलैच्या मध्याआधी या पठारावर जाऊ नका, एकट्यानं तर मुळीच जाऊ नका.